इचिरो की ओतानी: एकाचीच कारकीर्द नीट बघायची असेल तर

बेसबॉलचे नियम एव्हाना कळलेत, सकाळी चहाबरोबर मेजर लीगचा सामना लावायची सवयही लागलीय, पण १६२ सामन्यांच्या मोसमात नेमकं कुणाकडे लक्ष ठेवायचं हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझा साधा उपाय म्हणजे एक खेळाडू निवडायचा आणि त्याची कारकीर्द पहिल्यापासून बघत जायची. माझी निवड शेवटी दोघांवर येऊन अडली होती, इचिरो सुझुकी आणि शोहेई ओतानी. दोघेही जपानी, दोघेही डावखुरे बॅटर आणि उजव्या हाताने फेकणारे. साम्य तेवढंच.

ओतानीची बाजू मांडायला फार बोलावं लागत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमधला मिलवॉकीविरुद्धचा सामना घ्या. पिचर म्हणून सहा इनिंगपेक्षा जास्त टिकला, एकही रन दिली नाही, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच सामन्यात स्वतः तीन होमरन ठोकले. त्याचा संघ डॉजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत. त्याआधीच्या वर्षी ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस. हे बघून कुणी म्हणालं की मग दुसऱ्या कुणाला बघायचंच कशाला, तर मी वाद घालणार नाही. शिवाय त्याची कारकीर्द अजून चालू आहे. उद्याच्या सामन्याचा निकाल माहीत नसण्यात जी मजा आहे, ती जुनं फुटेज बघताना मिळत नाही, हे मान्यच.

माझं गाडं अडलं ते डीएचवर, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरवर. डॉजर्सचा घरचा रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे ऐन ऑफिसच्या घाईत. ओतानी पहिलाच बॅटर. येतो, पाच-सहा पिच खेळतो आणि डगआउटमध्ये जाऊन बसतो. डीएच असल्यामुळे फील्डिंगला उतरायचा प्रश्नच नाही. पुढचा अर्धापाऊण तास बाकीचे धावताहेत, झेल घेताहेत आणि आपला माणूस टॅबलेटवर स्वतःचाच स्विंग बघतोय. आपण डबा भरायला उठलो की नेमका तो बॅटिंगला आलेला असतो! बरं, पिचिंगला तो साधारण आठवड्यातून एकदा. कोपराच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ आणि २०२४ या अख्ख्या मोसमांत तर एकदाही नाही. ज्याला चेंडू कुठेही गेला तरी आपल्या खेळाडूचं काय चाललंय ते बघायचं असतं, त्याची यात फार उपासमार होते. माझी तरी झाली. त्यातून तो इतका जगावेगळा, की सुरुवात करणाऱ्या पिचरला पिचिंग थांबवल्यावरही डीएच म्हणून खेळत राहता यावं यासाठी २०२२ मध्ये नियमच बदलला. अशा खेळाडूवरून बाकीच्यांचा खेळ कसा ओळखायचा?

इचिरो मात्र राइट फील्डमध्ये उभा असतो आणि त्याचं सतत काहीतरी चालू असतं. ११ एप्रिल २००१ चा ऑकलंडमधला थ्रो शोधून बघा. सिॲटलकडून त्याचा तो पहिलाच मोसम, तोही नुकताच सुरू झालेला. त्याच्या दिशेने साधा सिंगल आला आणि पहिल्या बेसवरचा टेरेन्स लाँग तिसऱ्याकडे सुटला. कुणीही सुटला असता. इचिरोने चेंडू उचलून फेकला तो टप्पा न पडता थेट तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये, आणि लाँग आउट. तो थ्रो बघितल्यावर राइट फील्डरच्या हातात किती जोर लागतो हे वेगळं शिकावं लागत नाही. बॅटिंगलाही तेच. चेंडू बॅटला लागतो न लागतो तोच त्याचं पाऊल पहिल्या बेसकडे पडलेलं असतं. शॉर्टस्टॉपकडे गेलेला साधा ग्राउंडरसुद्धा मग शॉर्टस्टॉपची तारांबळ उडवतो.

२००४ मध्ये त्याने २६२ हिट मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. त्यातले २२५ सिंगल होते, होमरन फक्त आठ. एकेरी-दुहेरी धावांवर शतक काढणारा फलंदाज ज्यांना कंटाळवाणा वाटतो, त्यांना इचिरोही वाटेल. आणखी एक गैरसोय म्हणजे संघ. २००१ मध्ये ११६ सामने जिंकणाऱ्या सिॲटलने २००४ मध्ये ९९ हरले, आणि इचिरोच्या वाट्याला वर्ल्ड सिरीज कधी आलीच नाही. हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं मिळालेल्या माणसाची ही गोष्ट. त्याआधी जपानमध्ये, कोबेच्या ऑरिक्स संघात असताना त्याने सलग सात वर्षं बॅटिंगचा किताब घेतला होता, पण त्या काळच्या फुटेजचे माझ्या हाती तुकडेच लागले.

तेव्हा तुम्हाला आठवड्यात एखादाच सामना जमत असेल, तर खुशाल ओतानी धरा, फक्त तो पिचिंग करणार असेल तोच दिवस निवडा. पिचरची नावं आधी जाहीर होतात. त्यापेक्षा जास्त वेळ असेल तर मी इचिरो म्हणेन. २००१ पासून २०१० पर्यंत सलग दहा मोसम दोनशेच्या वर हिट आहेत, तेवढा भाग सावकाश बघा. पुढचं भरभर पुढे ढकललंत तरी चालेल, पण २०१६ मधला डेन्व्हरचा तीन हजारावा हिट सोडू नका. बेचाळिसाव्या वर्षी मारलेला ट्रिपल आहे तो. आणि २०१२ च्या मध्यात यांकीजकडे गेल्यावर तो कधी लेफ्ट फील्डलाही दिसतो, तेव्हा राइटला नुसतं शोधत बसू नका.