जुन्या वाड्यात रॅम्प की लिफ्ट?

सांगलीच्या गावभागातल्या वाड्यांचं जोतं उंच असतं. कृष्णाकाठी ते हवंच, पण गुडघे थकलेल्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना त्याच पायऱ्या आडव्या येतात.

रॅम्पला जागा लागते. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको (एक फूट उंचीला बारा फूट लांबी), म्हणजे अडीच फुटांच्या जोत्याला ३० फूट लांबी, शिवाय मधला सपाट टप्पा. एवढी सरळ जागा क्वचितच मिळते. मधे वळवून घेतला तर चौकाच्या कडेला बसतो. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. वर गुळगुळीत कडाप्पा अजिबात नको, पावसात माणूस घसरतोच. पाडकामातला काळा दगड छिन्नीने खडबडीत टाचून चुन्यात बसवला की नवं सिमेंटही वाचतं. आणि उंबरठ्याचं विसरू नका! तीन इंचांचा उंबरठा सगळा रॅम्प वाया घालवतो.

लिफ्टला जागा कमी, माडीही गाठता येते. पण खाली खड्डा, वर वीज. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं. अशा भागात मोटार आणि पॅनेल वरच्या मजल्यावर नसेल तर पहिल्याच पुरात सगळं निकामी. शिवाय लिफ्टसाठी जुनी लाकडी तुळई कापावी लागली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करवतीला हात लावू नये.

राहत्या घराला मी रॅम्पच सुचवेन, आणि आजीची खोली-संडास तळमजल्यावर. माडीवर वाचनालय किंवा दवाखाना असेल, तर मात्र लिफ्टला पर्याय नाही.