शेखावाटीच्या हवेल्या की चेट्टिनाडचे वाडे?

खेड्यापाड्यांतील जुनी श्रीमंत घरे पाहण्यासाठी तीन-चार दिवस काढायचे ठरवले, तर आपल्या देशातील दोन प्रदेशांमध्ये निवड करणे खरोखर कठीण जाते: राजस्थानातील झुंझुनू, सीकर व चुरू जिल्ह्यांत पसरलेली शेखावाटी आणि तमिळनाडूच्या शिवगंगा व पुदुक्कोट्टई जिल्ह्यांतील चेट्टिनाड. दोन्हीकडची घरे मुख्यतः व्यापाऱ्यांनी बांधली. मारवाडी कुटुंबांचा पैसा कोलकाता-मुंबईच्या पेढ्यांतून गावी आला, तर नगरत्तार चेट्टियारांचा ब्रह्मदेश, सिलोन व मलायातील सावकारीतून. पुढे ही कुटुंबे बाहेरगावीच स्थिरावली आणि अनेक घरांना कुलपे लागली.

शेखावाटीचे वैशिष्ट्य असे की ती बरीचशी रस्त्यावरूनच पाहता येते. नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ या गावांत हवेल्यांच्या बाहेरच्या भिंतींवरच चित्रे आहेत, त्यामुळे दार बंद असले तरी फेरी फुकट जात नाही. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरून तो घोटून गुळगुळीत करण्याची इथली रीत आहे. जुन्या भिंतींवर गेरूचा तांबडा आणि काजळीचा काळा रंग ठळक दिसतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून परदेशी रासायनिक रंगांचा भडक निळा येऊ लागतो, आणि एवढ्यावरूनही भिंतीच्या वयाचा अंदाज बांधता येतो. कृष्णलीलेच्या शेजारीच आगगाडी धावते आहे, खाली मोटारीत साहेब बसला आहे, अशी भिंत समोर आली की पाय हलत नाही. आतून नीट जपलेली हवेली पाहायची असेल, तर नवलगढची १९०२ मध्ये बांधलेली पोदार हवेली आता संग्रहालय म्हणून खुली आहे.

चेट्टिनाडचे घर मात्र आत गेल्याशिवाय कळत नाही. पुढच्या रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत पसरलेल्या या वाड्यात ओटी, चौक, माजघर, स्वयंपाकाचा चौक अशी एकामागून एक रचना असते, आणि समोरच्या दारात उभे राहिल्यावर सरळ रेषेत मागचे दार दिसते. खांब ब्रह्मदेशी सागाचे, संगमरवर इटलीचा, पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पायाखालची आत्तंगुडीची फरशी. काचेवर धातूचा साचा ठेवून त्याच्या घरांत रंगीत सिमेंट ओततात, वर वाळू-सिमेंटचा थर देतात, आणि सुकवून पाण्यात मुरवल्यावर काच सुटली की फरशीला तिचीच चकाकी येते. हे काम आत्तंगुडी गावात आजही हाताने चालते आणि पाहता येते.

अडचण प्रवेशाची आहे. एकेका वाड्याला अनेक वारसदार असतात आणि तो लग्नकार्यापुरताच पूर्ण उघडतो. म्हणून कानाडुकात्तान किंवा कारैकुडीत वाड्याचेच हॉटेल झाले आहे अशा ठिकाणी दोन रात्री मुक्काम करावा आणि इतर वाड्यांची चौकशी तिथूनच करावी. हे जमणार नसेल, तर चेट्टिनाडला धावती भेट देऊ नये, कारण मग केवळ बंद दारे पाहून परतावे लागते.

हवामानाच्या दृष्टीने जानेवारी-फेब्रुवारी दोन्हीकडे सोयीचे आहेत, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत पाऊस असतो आणि शेखावाटीचा उन्हाळा असह्य होतो. शेखावाटीसाठी जयपूरहून निघावे, चेट्टिनाडसाठी मदुरै किंवा तिरुचिरापल्लीहून.

घर म्हणून घर समजून घ्यायचे असेल, तर चेट्टिनाड निःसंशय सरस आहे. तरीही एकाच सहलीची सवड असेल, तर मी शेखावाटी आधी करा असेच सांगेन. चेट्टिनाडमध्येही वाडे मोडले जातात आणि त्यांचे खांब, दरवाजे कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायला येतात, पण तिथला साग अजून बराच काळ टिकेल. शेखावाटीत मात्र जमिनीतून चढणारी ओल भिंतीचा खालचा भाग खाऊन टाकते, त्यामुळे कित्येक ठिकाणी वरचा हत्ती शाबूत असतो आणि त्याच्या पायांखालची मिरवणूक गळून गेलेली असते. त्या गावांत हवेलीला राखणदार असेल, तर त्याला विचारून आतला चौक अवश्य पाहावा, कारण ऊनपाऊस कमी लागल्यामुळे मूळ रंग तिथेच सर्वांत चांगले राहिले आहेत.