सहा महिने प्रोजेक्टरवर भारताचे सामने: आमच्या वाडीतला अनुभव

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस साडेअकरा हजारांचा एलईडी प्रोजेक्टर घेतला, तो एकाच कारणासाठी. फुटबॉलच्या २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतले भारताचे सामने वाडीतल्या पोरांना मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. आमची पोरं पावसात मळ्यातल्या चिखलात फुटबॉल खेळतात, पण आपला संघ त्यांनी पाहिला तो मोबाइलच्या पडद्यावर. सहा महिन्यांत हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश असे तीन पराभव याच यंत्रावर बघितले. त्यामुळे यंत्राचं आणि संघाचं वेगवेगळं लिहिणं मला जमणार नाही.

आधी उजेडाचं. जाहिरातीत लुमेनचा आकडा हजारांत असतो, त्याला भुलू नका. ‘आन्सी लुमेन’ किती ते विचारा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला खरा उजेड. माझ्या यंत्राचे तीनशेसुद्धा नाहीत. १० जूनचा हाँगकाँगचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला होता. बाहेर ढग भरून आलेले, तरी ओटीवर चित्र अगदी फिकट. खिडक्यांना गोणपाट लावले, दारावर ताडपत्री सोडली, तेव्हा कुठे चेंडू दिसायला लागला. आशिक कुरुनियननं समोर गोल मोकळा असताना चेंडू बाहेर मारला आणि पोरांनी डोक्याला हात लावले. ९० मिनिटं उलटून गेल्यावर पेनल्टी, ०-१. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दमट हवा हा दुसरा त्रास. ऑगस्टमध्ये लेन्सच्या कडेला पांढरट बुरशी धरली. तेव्हापासून यंत्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पंख्यातून आत गेलेल्या धुळीचा एक काळपट ठिपका मात्र कायमचा राहिला. सीलबंद ऑप्टिकल इंजिनचं, म्हणजे लेन्सच्या भागात धूळ न शिरणारं मॉडेल थोडं महाग पडतं, पण आपल्या हवेत तेच घ्या. आवाज बरा आहे. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर चालतो.

खरी खोट निराळीच आहे, आणि ती प्रोजेक्टरची नाही. ऑनलाइन प्रक्षेपण मैदानाच्या मागे चालतं, आमच्याकडे जवळजवळ अर्धा मिनिट.

१४ ऑक्टोबरला सिंगापूरचा सामना गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर होता. सावंतवाडीहून गाडीत बसलं की मडगाव काही लांब नाही. माझा चुलतभाऊ गेला, मी पोरांसाठी मागे राहिलो. जिंकायलाच हवं होतं, कारण तीन सामन्यांत आपले दोनच गुण आणि गटातून पुढे जाणार एकच संघ. खळ्यात चादर ताणून बांधली, तीसेक माणसं जमली. चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेनं गोल मारला तेव्हा म्हातारेसुद्धा उठून उभे राहिले. शेजारची काकी घरात गेली आणि खटखट्या लाडवांचा डबा घेऊन आली. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली, तरी कुणी जागचं हललं नाही.

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं माझा फोन वाजला. पलीकडे आधी काहीच ऐकू येईना. मग चुलतभाऊ हळू आवाजात म्हणाला, “दुसरो पडलो रे.” पडद्यावर अजून १-१ होतं. पोरं ‘इंडिया, इंडिया’ करत होती. काकी लाडू वाटत होती, तिनं माझ्याही हातावर एक ठेवला. मला कळलं होतं आणि तोंड उघडवत नव्हतं. मग आमच्याकडेही तो गोल झाला. पुन्हा साँगच. घड्याळात ५८ वं मिनिट.

हरलो म्हणून माझा संताप नाही. पाचच दिवस आधी सिंगापुरात संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी झुंज दिली होती, रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली होती. तोच संघ आपल्या माणसांपुढे, आघाडी हातात असताना, क्रमवारीत आपल्या खालच्या संघाकडून हरतो, हे मला सहन होत नाही. २०१९ आणि २०२३, सलग दोन आशियाई चषक आपण खेळलो. आता २०२७ ला घरी बसायचं. प्रशिक्षक खालिद जमील ऑगस्टमध्ये आले, सगळं खापर त्यांच्यावर फोडणं मला पटत नाही. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्चमध्ये परत यावं लागलं, कारण त्याच्या जागी गोल मारणारा आपण तयारच केला नाही. त्यात जुलैत आयएसएल ही देशातली मुख्य लीगही थांबवली. सामनेच नसतील तर पाय सुटणार कुठून? यावर कुणीतरी उत्तर द्यायला हवं.

रात्री चादर सोडताना सातवीतल्या एका पोरानं विचारलं, “दादा, आता पुढचो सामनो कधी?” बांगलादेशचा होता, पण त्यातून काही मिळणार नव्हतं. तरी लावतो म्हणालो.

उजेड आणि सीलबंद इंजिन एवढं बघून घेतलात तर प्रोजेक्टर घ्याच, असं मी सांगेन. त्या रात्रीपासून मी एक नियम केलाय. ज्याच्या हॉटस्पॉटवर सामना चालतो तो फोन सोडून बाकी सगळे फोन सुरुवातीलाच परातीत गोळा करतो आणि आत नेऊन ठेवतो. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ नं हरलो, २००३ नंतर पहिल्यांदा. त्या दिवशी परातीत पाचच फोन होते.