हात एकच, आत्मकथनं दोन: टकर मॅक्स घ्यावा की टिफनी हॅडिश?

इंग्रजीतलं एखादं बेधडक, पोट धरून हसवणारं आत्मकथन सुचवा म्हटलं, की त्या यादीत ही दोन पुस्तकं बहुधा सापडतात. टकर मॅक्सचं 'आय होप दे सर्व्ह बिअर इन हेल' (२००६) आणि टिफनी हॅडिशचं 'द लास्ट ब्लॅक युनिकॉर्न' (२०१७). मॅक्स ड्यूक विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला, पण दारू आणि पोरी यापलीकडे लिहायला विषय नसलेला. हॅडिश लॉस एंजेलिसमध्ये फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने परक्या घरी सांभाळायला ठेवलेल्या मुलांत, वाढलेली कृष्णवर्णीय विनोदी कलाकार. शिव्या दोन्हींत सढळ, शरीरधर्मांची वर्णनं त्याहून सढळ. आणि मौज अशी की हॅडिशच्या पुस्तकाचा सहलेखक खुद्द टकर मॅक्सच आहे. हात तोच, तरी वाचक एकाला शिव्या घालतात आणि दुसऱ्याला कवटाळतात. हे का होतं ते कळलं, की आपल्याला कोणतं झेपेल तेही कळतं.

आधी मॅक्स. २००२ मध्ये त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर हे किस्से टाकायला सुरुवात केली, पुढे त्यांचंच पुस्तक झालं. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ते वर्षानुवर्षं टिकलं, दहा लाखांवर प्रती खपल्या. किस्से सुटे सुटे आहेत. त्यातला सगळ्यात गाजलेला सुशीचा. पठ्ठ्या दारू मोजायचं फुंकणीयंत्र विकत घेतो आणि ते घेऊन सुशीच्या हॉटेलात जातो. प्रत्येक नोंदीला वेळ, पुढे रक्तातल्या दारूचा आकडा. सुरुवातीला आजूबाजूचे लोक कौतुकाने यंत्रात फुंकायला येतात, हा हॉटेलातला हिरो. मग आकडा चढत जातो, नोंदी तुटत जातात, वाक्यं लडखडू लागतात आणि शेवटी माणूस उकिरड्यावर पडल्यासारखा होतो. ही गोष्ट वाचून हसू न येणं कठीण आहे, कारण फजिती ज्याची होते तोच ती सांगतोय. कंपनीच्या धर्मादाय लिलावात पिऊन घातलेला धुडगूस आणि त्यापायी हातची उमेदवारीची नोकरी घालवणं, हा किस्साही त्याच जातीचा.

पण त्याच पुस्तकात कपाटाचीही गोष्ट आहे. मॅक्स एका मुलीला घरी आणतो आणि कपाटात मित्र कॅमेरा घेऊन लपलेला असतो. मुलीला याचा पत्ता नाही. मॅक्स ही गोष्टही सुशीच्याच सुरात, त्याच टायमिंगने सांगतो. वाचकांचे दोन तट पडतात ते इथे. एका तटाचं म्हणणं: अहो, पहिल्याच पानावर तो स्वतःला नालायक म्हणवतो, मग तक्रार कसली? दुसऱ्याचं म्हणणं: कबुली दिल्याने गुन्हा विनोदी होत नाही. मी दुसऱ्या तटात आहे, आणि तेही थोडं चिडूनच. 'मी नालायक आहे' हे वाक्य इथे माफीचं नाही, परवान्याचं काम करतं. एकदा ते म्हटलं की पुढची शंभर पानं कुणी काही बोलायचं नाही.

याशिवाय एक तिसरा गट आहे, त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्याला राग येत नाही, कंटाळा येतो. पिणं, पोरगी, ओकारी, पुन्हा पिणं. पाच-सहा किस्स्यांनंतर साचा कळतो आणि पुढचं आधीच दिसू लागतं. माझ्या मते पुस्तकावरची सगळ्यात जड टीका हीच.

इथे मराठी वाचकाला एक सांगून ठेवतो. दादा कोंडक्यांवर वाढलोय, आपल्याला काय होतंय, या भरवशावर मॅक्स उचलू नका. दादांचा चावटपणा दुहेरी अर्थावर चालतो. वाईट अर्थ आपल्या डोक्यात तयार होतो आणि दादा नामानिराळे. मॅक्सकडे झाकलेलं काहीच नाही, सगळं ताटात वाढलेलं.

हॅडिशकडे ओंगळपणा कमी आहे असं समजू नका. फसवणाऱ्या प्रियकराच्या महागड्या बुटांत ती शौच करते आणि ते चवीने सांगते. फरक आहे तो तिच्या जागेत. ही मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना आईला मोटार अपघातात मेंदूची इजा झाली, त्यानंतर ती आई मारहाण करू लागली. पुढे फॉस्टर केअर. शाळेत ती विनोद करून वेळ मारून नेते, कारण धड वाचता येत नाही हे लपवायचं असतं. शेवटी समाजसेविका पर्याय ठेवते: मानसोपचार, नाहीतर लाफ फॅक्टरी या कॉमेडी क्लबचं मुलांसाठीचं शिबिर. पोरगी शिबिर निवडते. नंतर बार मित्झवाच्या, म्हणजे ज्यू मुलगा वयात आल्याच्या, समारंभांत पाहुण्यांना नाचवण्याचं काम, मोटारीत काढलेल्या रात्री, मारकुटा नवरा. हसता हसता एकदम घशात काहीतरी अडकतं.

हेच काही वाचकांना रुचत नाही. विनोदी पुस्तक म्हणून घेतलं आणि घरगुती मारहाणीचं प्रकरण वाचावं लागलं, ही तक्रार खोटी नाही. भाषा बोलल्यासारखी आहे, घोटून घासलेली नाही; वाक्यांची कलाकुसर शोधणाऱ्याच्या हाती फार लागणार नाही. आणि रॉस्कोचं प्रकरण आहेच. रॉस्को हा तिच्या नोकरीतला दिव्यांग सहकारी. त्याच्याशी आलेला संबंध ती खिदळत सांगते, त्याच्या बोलण्याची नक्कलही करते. एरवी तिच्या बाजूने उभे राहणारे कित्येक वाचक इथे खट्टू झाले, आणि योग्यच झालं. मॅक्सच्या पुस्तकावरचा सिनेमा २००९ मध्ये आला, तेव्हा अंध मुलींवर कोटी करणारी त्याची जाहिरात शिकागोच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने बसवरून उतरवली होती. रॉस्कोचं प्रकरण त्या जाहिरातीच्या फार लांब नाही. सिनेमा आपटला, ते वेगळं.

ज्यांच्यावर लिहिलं त्यांचं काय, हा प्रश्न दोघांनाही चुकलेला नाही. आपल्यावर लिहिलं म्हणून एका माजी सौंदर्यस्पर्धा विजेतीने २००३ मध्ये मॅक्सला फ्लोरिडाच्या कोर्टात खेचलं. पुढे तो खटला बारगळला. हॅडिशच्या माजी नवऱ्याने २०१८ मध्ये तिच्यासह प्रकाशक आणि मॅक्सवर बदनामीचा दावा लावला. किस्से शब्दशः खरे धरू नयेत, एवढं दोन्ही पुस्तकांबाबत लक्षात ठेवावं.

किस्सा कुठे सुरू करायचा, कुठे दम धरायचा, शेवटचा फटका कुठे मारायचा, ही मॅक्सची हातोटी हॅडिशच्या पुस्तकातही जाणवते. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात ती हातोटी बहुतेक वेळा कपाटाबाहेरच्या माणसाच्या कामी येते. हॅडिशकडे मार खाणाऱ्याच्या. मला तरी एवढ्याने पारडं झुकलेलं दिसतं.

तेव्हा एकच घ्यायचं असेल तर हॅडिश घ्या, आणि जमलं तर ऑडिओ. ते तिने स्वतः वाचलंय, ग्रॅमीसाठी त्याला नामांकन होतं, आणि छापील पानावर विस्कळीत वाटणारी वाक्यं तिच्या तोंडी चपखल बसतात. रॉस्कोचं प्रकरण गाळलंत तरी पुढचं काही अडत नाही. घरात मारहाण पाहिलेली असेल, तर नवऱ्याची प्रकरणं जरा जपून वाचा.

मॅक्स विकत घेऊ नका. २००६ च्या सुमारास अमेरिकी कॉलेजांतली पोरं कशाला हसत होती याचं कुतूहल असेल, तर कुणाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. सुशीचा किस्सा वाचा, लिलावाचा वाचा. किस्से सुटे असल्यामुळे बाकीचं पुस्तक तसंच परत केलंत तरी चालतं.