टिकी जेवण: जुनं की नवं? प्रश्न भाताचा आहे

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात पाहुणे आले की एक संध्याकाळ टिकीची, हा आमच्या घरचा शिरस्ता. टिकी म्हणजे आपली बटाट्याची टिक्की नव्हे; पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांच्या थाटात सजवलेलं, रमची कॉकटेल आणि जेवण देणारं अमेरिकी रेस्टॉरंट. मध्यंतरी पुण्याहून मेव्हणा आला, तेव्हा दोन आठवड्यांत दोन्ही प्रकार झाले. एक जुनं, बिनखिडक्यांचं, छताला मासेमारीची जाळी आणि काचेचे गोळे टांगलेलं. दुसरं नवं, मोठ्या खिडक्यांचं, थाई-फिलिपिनो वळणाच्या छोट्या डिशेस देणारं. नावं मुद्दाम सांगत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या शहरांत हे दोन नमुने सापडतील, त्यामुळे निवड करताना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

पेयांत नवं पुढे, यात माझ्या मते वाद नाही. टिकी रेस्टॉरंटवाला व्हिक्टर बर्जरॉन, म्हणजे ट्रेडर व्हिक, यानं 1944 साली ओकलंडमध्ये माय ताय हे कॉकटेल बनवलं तेव्हा त्यात जमैकाची जुनी रम, लिंबू, क्युरासाव ही संत्र्याची गोड दारू आणि बदामाचं सरबत होतं. अननसाचा रस नव्हता. तो नंतर हवाईत शिरला. नव्या ठिकाणी ही मूळ कृती पाळतात, बदामाचा वास नाकाला कळतो. जुन्या ठिकाणी मला जे मिळालं ते अननसाचं सरबत होतं, त्यात रम चुकून पडली असावी. मेव्हण्याला मात्र तेच आवडलं. असो.

आणखी एक गोष्ट नव्याच्या बाजूची. जुन्या ठिकाणी पेला म्हणजे डोळे वटारलेली मूर्ती. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टिकी हा पहिला माणूस, आणि आपण त्याच्या डोक्यात स्ट्रॉ खुपसून बसायचं. गणपतीच्या आकाराच्या मगातून कुणी कॉकटेल दिलं तर आपल्याला कसं वाटेल, हा विचार बायकोनं बोलून दाखवला आणि पुढचा अर्धा तास मला तो पेला नीट धरवेना. नव्यांनी मूर्ती काढून साधे काचेचे ग्लास आणलेत. बरं केलं.

पदार्थही नव्याकडे जास्त चांगले. टिकीचं जेवण पॉलिनेशियन म्हणून विकलं गेलं तरी पहिल्यापासून ते बरंचसं कँटनी चिनीच. पुपू प्लॅटर म्हणजे मधे छोटी शेगडी आणि भोवती तळलेलं सगळं. त्यात क्रॅब रंगून असतं: दिसायला करंजी, आत खेकडा आणि क्रीम चीज. त्या अंधारात शाकाहारी माणसानं हात घालण्याआधी विचारून घ्यावं. आमच्याकडे एक करंजी अर्धी खाऊन परत ठेवली गेली आहे, कुणी ते सांगत नाही.

इतकं सगळं नव्याच्या पारड्यात. तरी मी अडलो ते भातावर.

नव्या ठिकाणी बसल्या बसल्या वाढणारी मुलगी येऊन हसतमुखानं सांगते, "जे जसं तयार होईल तसं आणू, सगळे मिळून खा." ऐकायला छान. प्रत्यक्षात आधी लाल करी आली. सुरेख होती, तिखट, वर तुळशीसारखी पानं. आम्ही चौघं चमचे घेऊन तिच्याकडे बघत बसलो. भात? येतोय. पाच मिनिटं चमच्यानं रस्सा चाखला, मग कोबी आला, मग कोंबडीचे पंख. करीची वाटी पुसून झाल्यावर भात आला, एकटा, गरमागरम, वाफाळता. घड्याळ लावलं नव्हतं, पण वीस मिनिटं सहज गेली असतील. दुसऱ्या खेपेला आधीच विनंती केली की भात करीबरोबरच आणा. मान डोलावली. भात शेवटीच.

हट्ट वाटेल, पण ताट एकदम वाढलेलं बघत मोठी झालेली माणसं आम्ही. शिवाय टिकीत याचा पेयाशीही संबंध आहे. ग्लासात बर्फाचा चुरा असतो. दहा-पंधरा मिनिटांत तो विरघळतो आणि इतक्या निगुतीनं केलेलं माय ताय पाणचट होतं. आणि ही पेयं वाटतात तितकी साधी नसतात. हॉलीवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाच्या ठिकाणी 1934 च्या सुमारास निघालेल्या झोंबी नावाच्या कॉकटेलमध्ये तीन तऱ्हेची रम असायची, म्हणून एका माणसाला दोनच देत. अशा पेयाखाली पोटात भात हवाच, नुसते पंख पुरत नाहीत.

जुन्या ठिकाणी मधे फिरती थाळी असलेलं गोल टेबल असतं. सगळं एकदम येतं, भाताचं भांडं सर्वांत आधी. थाळी फिरवत, ओरडून एकमेकांना "इकडे सरकव" म्हणत जेवायचं. जेवण बेताचंच, सॉस गोड, पण कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं.

तुम्ही दोघंच असाल, पेयासाठीच निघाला असाल आणि घरून थोडं खाऊन जाणार असाल, तर नव्यालाच जा, खरंच. बसायची जागा बारच्या काउंटरला मागा, पेय बनताना बघायला मजा येते. चार-सहा माणसं, त्यात एखादं वडीलधारं, असा घोळका असेल तर मला तरी जुनं बरं वाटतं. माय तायऐवजी तिथे साधी रम आणि लिंबू सांगितलं की तोही प्रश्न मिटतो.

पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत. फोन केला आणि पहिलं हेच विचारलं, गोल टेबल मिळेल का.