पिकअपमधे ड्रायव्हरनं फोन वापरला की पकडणारा कॅमेरा, सहा महिने वापरून

राजेहो, नोव्हेंबरात लावला होता, आता मे आहे, म्हणून लिहून राहिलो. कंपनीचं नाव टाकत नाही कारण डबा एकच असते, स्टिकर वेगळे, मोर्शीच्या मित्रानं घेतला त्याच्यावर दुसरंच नाव आहे आन अ‍ॅप उघडलं तर सेम टू सेम.

आमचा धंदा वरूडचा, संत्र्याचा. दोन पिकअप आहेत. अंबिया बहार निघाला की रात्री कॅरेट भरून जलालखेडा, काटोल करत नागपूरच्या कळमना बाजारात, सकाळी लिलाव, दुपारी वापस. एका गाडीवर काका आहेत, आमच्या बाबाच्या वेळपासूनचे, दुसरीवर चोवीस वर्षांचा पोट्टा. कॅमेरा खरं तर पोट्ट्यासाठीच घेतला होता, कारण दिवाळीच्या आधी त्यानं रील पाहता पाहता उभ्या ट्रॉलीले गाडी घासली, साइडचा पत्रा गेला, माणूस वाचला तेवढं बरं. पण दुकानवाल्यानं फिटिंगले बोलावलं त्या दिवशी पोट्टा लग्नाले गेला होता, मग लागला काकाच्या गाडीत. झालं.

11,500 लागले फिटिंगसकट, सिमचं वर्षाचं रिचार्ज वेगळं. दोन डोळे असतात याले, एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरच्या तोंडाकडे. तोंडाकडच्याले इन्फ्रारेड लाइट आहे म्हणून रात्री केबिनमधे अंधार असला तरी त्याले दिसते. हात कानाकडे गेला, हातात फोनसारखं काही दिसलं, नाहीतर नजर खाली जाऊन तिथंच राहिली की तीन सेकंद वाट पाहते, मग मशीनमधली बाई ओरडते हिंदीत आन दहा सेकंदाची क्लिप माझ्या मोबाइलवर. स्पीड 20 च्या खाली असला तर गप्प. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटते ना? 60 च्या स्पीडनं गाडी तेवढ्यात 50 मीटर जाते, म्हणजे आमच्या पानठेल्यापासून थेट स्टँडच्या गेटापर्यंत, डोळे मिटून.

दुकानवाला म्हणे नागपूरच्या सिटी बसमधे हेच लावलंय. नाही रे बाप्पा. नागपुरात 2021 मधे आयरास्ते म्हणून प्रोजेक्ट सुरू झाला, त्यातली मशीन मुख्य म्हणजे समोरच्या रस्त्यावर लक्ष ठेवते, धडक होईल असं वाटलं की ड्रायव्हरले आधी सांगते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, घेताना विचारून घ्या, नाहीतर बिलावर एक आन डब्यात दुसरं.

आता पकडते का? पकडते, आन मस्त पकडते. कानाले लावलेला फोन तर दहापैकी नऊ वेळा. मांडीवर ठेवून खाली पाहणं पण पकडते, फक्त त्याले तो 'लक्ष विचलित' म्हणते. ब्लूटूथ नाहीतर इअरफोनवर बोलणं त्याच्या बापाले समजत नाही. मॅपसाठी फोन स्टँडवर लावला तर वाजत नाही, ते बरोबर आहे, ऑक्टोबर 2020 पासून नियमानंच रस्ता पाहायपुरता फोन चालते, ध्यान हटलं नाही पाहिजे एवढंच. हातात धरून मॅप पाहिला तरी मात्र ओरडते, त्याले काय माहीत मॅप आहे का रील.

पण भाऊ, खर्रा, म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखू! पन्नीत खर्रा घोटाले दोन्ही हात लागतात आन नजर खाली जाते, मशीन म्हणते लक्ष विचलित. मग चिमूट तोंडात टाकाले हात वर गेला की म्हणते 'धूम्रपान ना करें'. काका असे भडकले की काय सांगू. "भाऊ, म्या जिंदगीत बिडी नाई ओढली, अन् हे बाई रोज मले बिडीवाला म्हणते, काहून?" आता त्याइले कसं सांगू की स्टिअरिंग सोडून खर्रा घोटणं पण काही पुण्याचं काम नाही. मी सेटिंगमधे जाऊन धूम्रपानवालं बंद केलं. विचलितवालं तसंच ठेवलं. काका आता गाडी थांबवून घोटतात, हा फायदा कंपनीनं कुठं लिहिला नव्हता.

उन्हाळ्यात वेगळाच ताल. मे महिन्यात आमच्याकडे दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी गाडी चालवत नाही, डोळे तेवढे बाहेर, मग मशीनले तोंडच सापडत नाही आन ते म्हणते कॅमेरा झाकला आहे, दर पाच मिनिटाले. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर हात ठेवता येत नाही, तिथं हा डबा दिवसभर भाजते, एप्रिलात एसडी कार्ड गेलं, पंधरा दिवसाची रेकॉर्डिंग सफाचट. दुकानात फोन केला तर म्हणे कार्डाले वॉरंटी नाही. दोनदा जाऊन आलो, मालक जेवाले गेलेला. दोन्ही वेळी.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जी मी विकत घेतली नव्हती. पहिल्या आठवड्यात फोनच्या 19 क्लिपा आल्या. मी तापलो, म्हटलं काकाले बसवून दाखवतोच. एक क्लिप आहे रात्री 11:42 ची, काळी-पांढरी, काकाचे डोळे मांजरासारखे चमकून राहिले, फोन खांदा आन कानाच्या मधे दाबलेला, मान वाकडी, डावा हात गिअरवर, स्पीड 58. समोरच्या कॅमेऱ्यात बिना रिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली एकदम उजेडात येते आन काका फोन न सोडता एका हातानं गाडी काढतात. मी चारदा पाहिली. मग माझा कॉल लॉग उघडला. 11:42, काका, दोन मिनिट दहा सेकंद. 'कुठं पोचले, कॅरेट किती चढले, अडत्याचा फोन आला का.' मीच होतो दुसऱ्या बाजूनं, घरी खाटेवर पडून.

बाकी क्लिपा जुळवल्या तर 19 मधल्या 17 जुळल्या, 11 फोन माझे, चार अडत्याचे, दोन त्याइच्या पोरीचे. काकाले दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "मालकाचा फोन नाई उचलला तं तुम्हीच म्हणता ना, फोन कायले देला?" बरोबर आहे.

केरळात 2023 पासून रोडवर एआय कॅमेरे लागले, आपल्याकडे पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर 2024 मधे, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधे तर 2019 पासून मोबाइल पकडणारे कॅमेरे आहेत. तिथं मशीननं निवडलेला फोटो आधी माणूस तपासते, मग दंड जाते. नोटीस गाडीच्या मालकाच्या नावानं जाते, गाडी दुसरा चालवत असला तर तो त्याचं नाव कळवते, पण फोन कोणी लावला होता हे कोणी विचारत नाही. आपल्या कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर हातात फोन घेऊन गाडी चालवली तर पहिल्यांदा 1,000 ते 5,000 दंड आहे, तीन वर्षांत परत सापडला तर 10,000, नाहीतर जेल, नाहीतर दोन्ही. काटोल रोडवर तसा कॅमेरा मले तरी आजपर्यंत दिसला नाही, म्हणून इथं तपासणारा माणूस म्हणजे मीच आन गुन्हेगारही अर्धा मीच.

तेव्हापासून ठरलं, गाडी निघाली की मी फोन करत नाही, अ‍ॅपमधे नकाशावर गाडी दिसतेच, काका जलालखेड्याले चहाले थांबले की स्वतः लावतात. अडत्याले पण सांगून ठेवलं, तो ऐकते न ऐकते. मार्चमधे महिन्याच्या तीन क्लिपा आल्या, त्यात एक काका कान खाजवून राहिले होते.

घ्यायचा का? दोन-चार गाड्या असतील, रात्रीची पाळी असेल तर घ्या, पण एसडी कार्ड चांगलं वेगळं घ्या, उन्हात चालणारं, आन हायस्पीड वाजणं, लेन वाजणं असलं सगळं पहिल्याच दिवशी बंद करा, आपल्या रोडवर लेन कुठं आहे. मराठी आवाज मागितला तर 'अपडेटमधे येईल' म्हणतात, सहा महिन्यापासून येऊन राहिला. पाचपैकी साडेतीन.

पोट्ट्याच्या गाडीत अजून लावला नाही. त्याले खबर लागली आहे, परवा विचारत होता की याच्यावर टोपी ठेवली तर काय म्हणते. कार्डाचं दुकानवाल्यानं काही केलं तर खाली टाकतो.