पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल की नॅब-पॅक्लिटॅक्सेल: त्रास आणि खबरदारीची तुलना

शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या केमोमध्ये टॅक्सेन गटातली तीन औषधं वारंवार समोर येतात: साधं पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जोडलेलं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे नॅब-पॅक्लिटॅक्सेल. तिन्हींचं काम एकच आहे. पेशी विभागताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. टॅक्सेन तो मोडू देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि पेशी मरते. मज्जातंतूंच्या लांब धाग्यांमध्येही याच नळ्या असतात. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचं मूळ तिथे आहे.

प्रत्येक आजारात निवड हातात नसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात डोसेटॅक्सेल वापरतात, स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात जेमसिटाबिनच्या जोडीला नॅब-पॅक्लिटॅक्सेल, अंडाशयाच्या कर्करोगात बहुतेक वेळा कार्बोप्लॅटिनसोबत साधं पॅक्लिटॅक्सेल. निवडीला खरा वाव असतो तो स्तनाच्या आणि काही प्रमाणात फुप्फुसाच्या कर्करोगात. तिथे 'जास्त जोरदार कोणतं' हे विचारण्याआधी स्वतःचा कच्चा दुवा शोधावा: मधुमेह आहे का, पाय आधीच बधिर आहेत का, यकृत ठीक आहे का, ताप आला तर रात्री रुग्णालयात किती वेळात पोहोचता येईल, बोटांनी बारीक काम करून पोट भरावं लागतं का. या उत्तरांवरून निवड बऱ्याचदा आपोआप पुढे सरकते.

| | पॅक्लिटॅक्सेल | डोसेटॅक्सेल | नॅब-पॅक्लिटॅक्सेल |
|---|---|---|---|
| नेहमीचा डोस (मिग्रॅ, शरीराच्या दर चौरस मीटरला) | दर आठवड्याला ८० किंवा दर ३ आठवड्यांनी १७५ | दर ३ आठवड्यांनी ७५ ते १०० | दर ३ आठवड्यांनी २६० किंवा आठवड्याला १०० ते १२५ |
| सलाईनमधून देण्याचा वेळ | १ तास. मोठ्या डोसला ३ तास | १ तास | ३० मिनिटं |
| औषध कशात विरघळवलेलं | एरंडेल तेलापासूनचं क्रेमोफोर आणि अल्कोहोल | पॉलिसॉर्बेट ८० आणि अल्कोहोल | विद्रावक नाही. मानवी अल्ब्युमिन |
| ॲलर्जी टाळायला स्टेरॉइड | डोसआधी | आदल्या दिवसापासून ३ दिवस | सहसा नाही |

तक्त्यातली तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्रेमोफोर लागतं, आणि ॲलर्जीचा बराचसा दोष या विद्रावकाकडे जातो. आधी औषधं देऊनही साध्या पॅक्लिटॅक्सेलवर २ ते ४ टक्के रुग्णांना गंभीर ॲलर्जी होते. डोसेटॅक्सेलमध्ये तीन दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रतिक्रिया बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसला, पहिल्या दहा मिनिटांत येते: चेहरा लाल होतो, छाती आवळते, श्वास अडतो, कंबर अचानक दुखते, अंगाला खाज सुटते. कंबर दुखली तर पलंगाला दोष देऊन गप्प बसू नका, लगेच नर्सला हाक मारा. ठिबक थांबवली की सौम्य प्रतिक्रिया बहुधा ओसरते आणि मग औषध सावकाश सुरू करता येतं. गंभीर प्रतिक्रिया आली असेल तर तेच औषध पुन्हा देत नाहीत.

पॅक्लिटॅक्सेलची नळी साध्या पीव्हीसीची चालत नाही, कारण क्रेमोफोर त्या प्लास्टिकमधलं रसायन ओढून घेतं. शिवाय ०.२२ मायक्रॉनची गाळणीही लावावी लागते. नॅब-पॅक्लिटॅक्सेल मात्र दुधासारखं पांढुरकं द्रावण असतं आणि त्याला ही बारीक गाळणी लावत नाहीत. दोन्हींच्या नावात 'पॅक्लिटॅक्सेल' आहे, पण डोस वेगळे आहेत आणि एकाऐवजी दुसरं देता येत नाही. बाटलीवरचं पूर्ण नाव आणि आपलं नाव नर्सकडून मोठ्याने वाचून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. नॅबमधलं अल्ब्युमिन मानवी रक्तापासून मिळवलेलं असतं. श्रद्धेमुळे कुणाला ते चालणार नसेल, तर पहिल्या डोसच्या आधीच सांगावं.

अल्कोहोलकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पॅक्लिटॅक्सेलच्या दर मिलिलीटरमध्ये ६ मिग्रॅ औषध आणि सुमारे ४०० मिग्रॅ अल्कोहोल असतं. म्हणजे ३०० मिग्रॅच्या डोसबरोबर जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल शरीरात जातं. डोसेटॅक्सेलमध्ये हे प्रमाण बनावटीनुसार बदलतं, आणि डोसनंतर चक्क नशा चढल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये तसा इशारा दिला. त्या दिवशी गाडी चालवू नये. दारू सोडलेल्या माणसाने, यकृताच्या रुग्णाने किंवा मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध घेणाऱ्याने हे आधीच विचारावं. नॅबमध्ये अल्कोहोल नाही.

स्टेरॉइड आणि साखर

डोसेटॅक्सेलसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ८ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून तीन दिवस घ्यायचं असतं, म्हणजे प्रत्येक सायकलला (केमोच्या एका फेरीला) ४८ मिग्रॅ. प्रोस्टेटच्या कर्करोगात रोज प्रेडनिसोन हे स्टेरॉइड चालू असल्याने वेळापत्रक वेगळं असतं: ठिबकेआधी १२, ३ आणि १ तास. या गोळ्या ॲलर्जीबरोबरच अंगात पाणी साठणंही रोखतात. आदल्या दिवशी गोळी राहिली, तर ते लपवू नका. ठिबक लागण्याआधी सांगितलं की डॉक्टर पर्याय काढतात, नंतर कळलं तर उशीर झालेला असतो.

मधुमेहींसाठी हा मोठा मुद्दा आहे. साखर त्या तीन दिवसांत उसळते आणि संध्याकाळी सर्वाधिक असते, म्हणून फक्त सकाळची उपाशीपोटी तपासणी फसवते. इन्सुलिन किंवा गोळ्या त्या दिवसांपुरत्या कशा वाढवायच्या, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलमध्ये पहिले एकदोन डोस विनातक्रार गेले, तर अनेक ठिकाणी स्टेरॉइड कमी करत नेतात. साखर हाताबाहेर जाणाऱ्यासाठी नॅबची बाजू इथे स्पष्टपणे वरचढ आहे, मात्र उलटीच्या औषधांत स्टेरॉइड दडलेलं नाही ना, हे पाहावं.

मुंग्या, बधिरपणा

इथे पारडं फिरतं. दर तीन आठवड्यांनी दिलेल्या नॅबमध्ये तीव्र बधिरपणा १० टक्के रुग्णांना आला, साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये २ टक्के. नॅबवाल्यांचा त्रास सौम्य व्हायला मात्र सरासरी तीनच आठवडे लागले. तेव्हा 'नॅब म्हणजे त्रास कमी' ही समजूत अर्धीच खरी. साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेल स्तनाच्या कर्करोगात तीन-आठवडी पॅक्लिटॅक्सेलपेक्षा सरस ठरलं आहे, पण त्यातही मध्यम ते तीव्र बधिरपणा २७ टक्क्यांना आला, तीन-आठवडीत २० टक्क्यांना. डोसेटॅक्सेल या बाबतीत तुलनेने सौम्य आहे. शिवणकाम, वाद्य, शस्त्रक्रिया, घड्याळदुरुस्ती असं बोटांवर चालणारं काम असेल किंवा मधुमेहाने पाय आधीच बधिर असतील, तर डोसेटॅक्सेलचा विचार आग्रहाने करायला हवा.

डॉक्टरांना 'मुंग्या येतात' एवढंच सांगू नका. शर्टाचं बटण लावता येतं का, पायातली चप्पल निसटलेली कळते का, अंधारात तोल जातो का, हे सांगा. डोस कमी करायचा की थांबवायचा, हे त्यावरून ठरतं. शेवटच्या डोसनंतरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, म्हणून 'दोनच उरलेत, सहन करतो' हा हिशोब धोक्याचा. ठिबकेच्या १५ मिनिटं आधीपासून संपल्यावर १५ मिनिटांपर्यंत गोठवलेले हातमोजे-पायमोजे घालण्याचा पॅक्लिटॅक्सेलमध्ये बधिरपणासाठी आणि डोसेटॅक्सेलमध्ये नखांसाठी उपयोग दिसला आहे. थंडीत बोटं पांढरीनिळी पडणाऱ्यांनी ते टाळावं. दुखऱ्या मुंग्यांवर ड्युलोक्सेटिनचा उपयोग होतो. ॲसिटिल-एल-कार्निटिन हे 'नसांचं टॉनिक' मात्र घेऊ नका: टॅक्सेन घेणाऱ्यांच्या चाचणीत त्याने बधिरपणा वाढलेला आढळला.

पॅक्लिटॅक्सेलनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांधे आणि स्नायू ठणकतात, मोठ्या डोसला जास्त. काही दिवसांत ते आपोआप उतरतं.

ताप

डोसेटॅक्सेलचा सर्वांत मोठा धोका हाच. पांढऱ्या पेशी साधारण आठव्या दिवशी तळाला जातात, तीन-आठवडी पॅक्लिटॅक्सेलमध्ये अकराव्या दिवसाच्या सुमारास. साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलमध्ये घसरण सहसा उथळ असते. डोसेटॅक्सेल इतर केमोसोबत असेल, तर पेशी वाढवणारं इंजेक्शन डोसनंतर किमान २४ तासांनी देतात. आधी दिलं तर नव्याने वाढणाऱ्या पेशी केमोच्या तडाख्यात सापडतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,५०० च्या खाली असतील, तर तिन्हींचा पुढचा डोस सहसा पुढे ढकलतात.

घरात थर्मामीटर हवाच. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसलं की दिवस असो वा रात्र, रुग्णालय गाठायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहायची नाही, कारण ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच राहतो. स्टेरॉइडही ताप झाकतं, त्यामुळे ताप नसताना हुडहुडी भरली तरी निघा. डोसेटॅक्सेलवर पोट दुखून जुलाब लागले आणि ताप असला, तर ते आतड्याच्या गंभीर दाहाचं लक्षण असू शकतं; जुलाबाची गोळी घेऊन घरी थांबू नका. रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असेल, तर साप्ताहिक पर्यायाचा विचार जरूर करा. त्यात खेपा वाढतात, पण दर आठवड्याला रक्त तपासलं जातं आणि बिघाड लवकर सापडतो.

डोसेटॅक्सेलची सूज, नखं, डोळे

डोसेटॅक्सेलने केशवाहिन्या झिरपू लागतात आणि पाणी साठतं. हा परिणाम साचत जातो: स्टेरॉइडशिवाय मध्यम ते तीव्र सूज एकूण ४९० मिग्रॅच्या (दर चौरस मीटर) आसपास, स्टेरॉइडसह ८२० च्या आसपास सुरू होते. चार सायकलींत बहुतेकांना ती गाठत नाही, सहाआठ सायकली असतील तर रोज सकाळी वजन लिहून ठेवा. नखं काळवंडतात, उचलली जातात. डोळ्यांतून सतत पाणी येणं म्हणजे अश्रुनलिका अरुंद होणं असू शकतं. लवकर नेत्रतज्ज्ञाकडे गेलं तर ती वाचवता येते. केस तिन्हींत जातात, पण ते कायमचे विरळ राहण्याची दुर्मिळ तक्रार डोसेटॅक्सेलबाबत जास्त आहे.

यकृताबाबत डोसेटॅक्सेल सर्वांत कडक: बिलिरुबिन (कावीळ दाखवणारी रक्ततपासणी) मर्यादेच्या वर असेल, तर ते देत नाहीत. बुरशीवरची केटोकोनाझोलसारखी औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक रक्तात त्याचं प्रमाण वाढवतात. पॅक्लिटॅक्सेलच्या दोन्ही रूपांबाबत क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारं) आणि जेमफायब्रोझिल (रक्तातली चरबी कमी करणारं) घेत असाल तर त्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करा.

टोचलेल्या जागी आग होऊ लागली तर औषध शिरेबाहेर गेलेलं असू शकतं. सुई स्वतः काढू नका, नर्स आधी तिच्यातून राहिलेलं औषध ओढून घेते. डोसनंतर ४८ तास लघवी, उलटी हाताळताना हातमोजे घाला आणि झाकण लावून दोनदा फ्लश करा. गर्भधारणा टाळण्याची मुदत तिन्हींत महिन्यांची आहे आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, ती लिहून घ्या.

एकदा निवडलेलं औषध शेवटपर्यंत तेच राहील असंही नाही. विद्रावकाची ॲलर्जी झाली तर नॅबकडे, बधिरपणा वाढला तर पॅक्लिटॅक्सेलकडून डोसेटॅक्सेलकडे, सूज किंवा ताप आवरेना तर साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलकडे वळवता येतं. 'यावर त्रास झाला तर पुढचा पर्याय कोणता' हे पहिल्या डोसआधीच डॉक्टरांना विचारून फाइलमध्ये नोंदवून घ्या.